खंडेनवमीला पुजलेला मास्क

आमच्या फाट्यावर दुकानदारांचा मिळून एक गणपती बसतो. टायरवाला, चहावाला, खताचं दुकान, गॅरेज आणि आमचं वेल्डिंगचं. संध्याकाळच्या आरत्यांमध्ये एक जागा अशी येते, की तिथं शब्द थांबतो आणि सूर लांबवायचा असतो. ती जागा सगळ्यांना माहीत असते. ज्यांना गळा नाही तेही तिथं डोळे मिटून जोर लावतात आणि एकेक करून गळतात. आमच्या फाट्यावर शेवटपर्यंत उरायचे ते आमचे हे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच बघत आले. बाकीचे घाम पुसत उभे आणि यांचा सूर आपला चाललेलाच. सूर काही फार गोड नव्हता, पण लांब होता. माझी तक्रार एवढीच, की इतका दम असलेला माणूस घरात एक वाक्य धड पूर्ण बोलत नाही.

आमचं दुकान नेवासा रोडला आहे. पुढं पत्र्याचं शेड, मागं घर. घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन, आणि त्या खोलीची खिडकी बरोबर शेडमध्ये उघडते. त्यामुळं मला ब्लाउजची बाही लावता लावता अख्ख्या दुकानावर नजर ठेवता येते. यांचं म्हणणं असं, की ती खिडकी मुद्दाम मीच काढायला लावली. ते खरं आहे.

काम बारमाही. उन्हाळ्यात कांद्याच्या चाळी, मग गोठे, गेटं, आणि दसरा झाला की साखर कारखाने पेटायच्या आत उसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करून घ्यायला रांग. शेडच्या कोपऱ्यात दोन सिलिंडर उभे असतात. एक काळं, उंच, ऑक्सिजनचं. दुसरं विटकरी रंगाचं, कटरच्या गॅसचं. ह्या दोघांची यांनी जेवढी बडदास्त ठेवली, तेवढी माझ्या माहेरच्या माणसांची कधी ठेवली नाही. सिलिंडर आडवं ठेवायचं नाही, उभंच ठेवायचं. खांबाला साखळीनं बांधायचं. ऊन सरकलं की त्याच्यावर सावली सरकवायची. रिकामं झालं तरी टोपी घातल्याशिवाय हलवायचं नाही, आणि हलवायचं तर ढाब्यावरच्या पिंपासारखं गडगडत न्यायचं नाही. नळी जोडली की साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का बघायचे. भजी खाल्ली तर साबणानं हात धुतल्याशिवाय ऑक्सिजनच्या चावीला हात लावायचा नाही, कारण त्या दाबाच्या ऑक्सिजनला तेल लागलं तर काडी लागत नाही, आपोआप भडका होतो. हे सगळं चोख. माझ्या चपातीला मात्र तोच भज्यांचा हात तसाच लागायचा.

एकदा माझे मामा कोपरगावहून आले. साधा माणूस. शेडमध्ये आले, काळ्या सिलिंडरला पाठ टेकवली आणि खिशातून बिडी काढली. यांनी हातातलं काम टाकलं, मामांना दंडाला धरलं आणि रस्त्याच्या पलीकडं लिंबाखाली नेऊन उभं केलं.

"मामा, बिडी हितं वढा. तिकडं मी जावई न्हाई."

मामा पुढची दोन वर्षं माझ्या आईला विचारत होते, पोरगी बरी आहे ना तिकडं म्हणून.

आता असा माणूस धुराच्या बाबतीतही तसाच असेल, असं कुणालाही वाटेल. पण नाही. धूर म्हणजे यांच्या लेखी काहीच नाही. वेल्डिंग करताना डोळ्यापुढं काच धरायचे, ती इमानानं धरायचे. नाकातोंडाला मात्र एक ओला टॉवेल गुंडाळायचा, तोही लक्षात राहिला तर. आणि काम संपलं की गूळ. शेडमधल्या फळीवर एक स्टीलचा डबा होता, त्यात गुळाचे खडे. एक खडा तोंडात टाकायचा, वर कपभर दूध प्यायचं, की दिवसभराचा धूर छातीतून उतरला. हे एकट्या यांचं नाही. आमच्या रोडला जेवढे वेल्डर आहेत तेवढ्यांच्या फळीवर असा डबा आहे. उसाच्या मुलखात गुळाला काय तोटा.

मी एकदा खिडकीतून विचारलं, "अहो, गूळ जातो पोटात. धूर जातो छातीत. दोघांची गाठ पडायची कुठं?"

"तुला न्हाई कळायचं. बापजाद्यापासून चालत आलंय."

"बापजादे तुमचे नांगर हाकत हुते. त्यांनी कवा वेल्डिंग केलं?"

यावर त्यांनी ग्राइंडर चालू केला. आमच्याकडं वाद मिटवायची ही पद्धत आहे. ग्राइंडरपुढं कुणाचं काही चालत नाही.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात गोठ्यांचं काम आलं. पाइप सगळे जस्ताचा मुलामा दिलेले, चकचकीत, गंजू नयेत म्हणून. शेतकऱ्याला लवकर पाहिजे होतं आणि बाहेर वारा सुटला होता, म्हणून यांनी शेडचा मोठा दरवाजा ओढून घेतला आणि आत बसून दिवसभर ते पाइप जोडले. पांढरा धूर खिडकीतून माझ्या खोलीत आला. मी कापडं झाकली, खिडकी लावली. संध्याकाळी हे आत आले ते कुडकुडत. मे महिना, घरात पंखा गरम वारा फेकतोय, आणि या माणसाला दोन गोधड्या पुरेनात. तोंडाला गोडसर, लोखंडासारखी चव येते म्हणाले. मी घाबरले. हे मात्र गोधडीच्या आतून गूळ मागत होते.

सकाळी उठले तर ताप गायब. अंघोळ करून, शीळ घालत शेडमध्ये. मी म्हटलं डॉक्टरकडं जाऊ, तर म्हणाले, "कशाला? गुळानं उतरला न्हाई का."

आता यावर बायकोनं काय बोलावं. ताप आपला आपण आला होता, आपला आपण गेला होता, आणि श्रेय घेऊन गेला गूळ. त्या उन्हाळ्यात असा ताप आणखी येत राहिला. दर वेळी चकचकीत पाइपांचं काम असलं की रात्री गोधडी, आणि सकाळी गुळाचा जयजयकार. हळूहळू गच्चीचा जिना चढताना थांबायला लागले. विचारलं की म्हणायचे, चप्पल निसटली. आमच्या यांच्या चपला त्या वर्षी फार निसटल्या.

मग गणपती आले. फाट्यावर मांडव पडला, लायटिंग झाली, आणि पहिल्या संध्याकाळी सगळे आरतीला जमले. मी बायकांमध्ये उभी होते. हे नेहमीप्रमाणे पुढं, हातात झांज. ती जागा आली. सगळ्यांनी सूर धरला. खतवाले गळले, टायरवाले गळले, गॅरेजवाले लाल होऊन थांबले. आणि आमचे हे, अजून बाकीचे चाललेले असतानाच, मध्येच थांबले. थांबले ते कुणाला कळू नये म्हणून झांज जोरात वाजवायला लागले. इतकी जोरात, की चहावाल्याचं लहान लेकरू रडायला लागलं. लोकांना वाटलं, आज अंगात आलंय. मला कळलं. एवढी वर्षं ज्याचा सूर ऐकला, त्याचा तुटला तर मला कळणार नाही का. दहाही दिवस झांज तशीच वाजत राहिली, आणि दहाही दिवस मी मांडवात उभी राहून देवाकडं बघायच्या ऐवजी यांच्या छातीकडं बघत होते. मला भीती वाटत होती. सूर गेला तर जाऊ दे, पण हा माणूस उरला पाहिजे, एवढंच मनात येत होतं.

गणपती गेले आणि पितरपाठ लागला. या पंधरवड्यात आमच्याकडं कुणी नवं काम काढत नाही. शेड रिकामं, त्यामुळं यांच्याकडं सबबही रिकामी. मी यांना एसटीत बसवलं आणि छातीच्या डॉक्टरांकडं नेलं. एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं होतं आणि कंडक्टर 'नगर, नगर' ओरडत होता. हे खिडकीशी बसून सारखे सांगत होते, की आपल्याला काही झालेलं नाही. आम्ही तिथं पोचेपर्यंत शेजारच्या दोन पाहुण्यांना ते पटलंसुद्धा होतं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारून घेतलं आणि मग एक नळी दिली. म्हणाल्या, पूर्ण श्वास घ्या आणि यात जेवढ्या जोरात, जेवढं लांब फुंकता येईल तेवढं फुंका. हे ऐकून आमच्या यांनी पाठ ताठ केली. माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की आता बघ. फाट्यावरचा मानकरी माणूस, त्यांना फुंकायला सांगितलेलं. त्यांनी फुंकलं. बाई म्हणाल्या, परत. परत फुंकलं. बाई म्हणाल्या, आणखी एकदा, थांबू नका, थांबू नका. आणि मग जो खोकला लागला, तो पाणी पिऊनही थांबेना.

वयाच्या मानानं दम बराच कमी भरला होता. बाईंनी समजावून सांगितलं. जस्ताचा मुलामा जळाला की त्याच्या धुरानं ताप येतो, तो आपोआप उतरतो, पण म्हणून धूर निघून जातो असं नाही. तो धूर इतका बारीक असतो, की ओल्या टॉवेलमधून सरळ आत जातो. जोडायच्या जागेवरचा मुलामा आधी घासून काढायचा. दार लावून काम करायचं नाही. धूर वर येतो त्याच्यावर तोंड धरायचं नाही, वारा बाजूनं येईल असं बसायचं. आणि धुराचा, फिल्टरवाला मास्क लावायचा.

"आन गूळ?" यांनी विचारलं. एवढ्या सगळ्यानंतर.

"गूळ खा की," बाई म्हणाल्या. "पण फुप्फुसासाठी नको. आणि साखरही तपासून घेऊ."

मग यांनी खरं विचारायचं ते विचारलं. दाराकडं बघत विचारलं, माझ्याकडं नाही. "दम परत यील का, पैल्यासारका?"

बाईंनी रिपोर्ट यांच्यापुढं सरकवला. म्हणाल्या, "आता काळजी घेतलीत तर आणखी कमी होणार नाही, थोडा सुधारेलही. गेलेला सगळा परत येईल असं मी म्हणणार नाही."

दवाखान्याचा जिना उतरताना यांची चप्पल निसटली नाही. जिन्यावर मधेच थांबले, आणि या खेपेला काही कारण सांगितलं नाही.

मी तिथंच बाजारात जाऊन तो मास्क घेतला. दोन्ही गालांवर दोन डबे असलेला. हे दुकानाबाहेर उभे. मी बाहेर आले तसं म्हणाले, "पितरपाठात नवी वस्तू घेत्यात व्हय?"

ज्या माणसाला माझ्या सासऱ्यांच्या श्राद्धाची तिथी मला दर वर्षी सांगावी लागते, त्याला त्या दिवशी पितरपाठ आठवला. घरी आल्यावर मास्क खिळ्याला टांगला गेला. पितर गेले, घट बसले, मास्क खिळ्यालाच. हे घालून बसलो तर गिऱ्हाईक पळून जाईल, असं नवं कारण तयार होतं. बाकीच्या गोष्टीही तशाच. शेडचा दरवाजा तेवढा उघडा राहायला लागला, तोही मी तासातासाला जाऊन उघडायचे म्हणून.

खंडेनवमीला मोठ्या नणंदबाई खर्ड्याहून आल्या. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. हे सिलिंडरला जेवढं जपतात तेवढंच आक्कांना घाबरतात. आमच्याकडं खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा दिवस. सगळी हत्यारं धुवायची, पुसायची, तेलपाणी करायचं, एका धुतल्या कापडावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं. त्या दिवशी त्यांना काम लावायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्याच पुजलेल्या हत्यारांनी कामाचा मुहूर्त करायचा. यांनी हातोडा, पाने, पक्कड, ग्राइंडर, वेल्डिंगची काच, सगळं मांडलं. मी माझी कात्री मांडली. आक्का माझ्या शिलाई मशीनची तेलाची कुपी घेऊन शेडभर फिरत होत्या. पान्यांना तेल, पकडीला तेल, दाराच्या बिजागरीला तेल. फिरत फिरत त्या काळ्या सिलिंडरपाशी पोचल्या, वाकल्या, आणि कुपीचं तोंड चावीवर धरलं.

"आक्का!"

हे एवढ्या जोरात ओरडले, की मला वाटलं डॉक्टरीणबाईंचं यंत्र चुकलं असेल.

"कामून वरडतो रं?" आक्का म्हणाल्या. "लई घट दिसतीया ही चावी. तेलपानी केल्याबिगर हत्यार कसं पुजायचं?"

"आदी कुपी खाली ठिव. ह्या चावीला तेल लागलं आन मी ती खोलली, तर उद्या सोनं वाटायला मी असायचो न्हाई."

मग त्यांनी आक्कांचा हात धरून त्यांना लांब नेलं. चावी नीट निरखून बघितली. तेल लागलेलं नव्हतं. निरांजन उचलून पार ओसरीवर ठेवलं, उदबत्ती तिच्यामागं पाठवली. सिलिंडरच्या साखळीत झेंडूचं एक कोरडं फूल अडकवलं, झाली त्याची पूजा. मग परत येऊन चावी दुसऱ्यांदा निरखली. मी बघितलं. आणि मला यांचा इतका राग आला, की मी उठले, खिळ्यावरून तो मास्क काढला आणि हातोडा आणि ग्राइंडर यांच्या मधोमध कापडावर ठेवला. हळदीकुंकवाचं बोट त्याच्या नाकावर टेकवलं.

"ह्ये कुटं हत्यार हाय?" हे म्हणाले.

"त्या सिलिंडरात काय हाय?" मी विचारलं. "हवाच नव्हं? तिला तुमी तेल लागू देत न्हाई, ऊन लागू देत न्हाई, माज्या मामाला टेकू देत न्हाई. आन तुमच्या छातीत काय हाय? तिला ना साखळी, ना टोपी. ती फुटली तर मी कुनाला बोलवू? ह्ये हत्यार न्हाई. ह्ये तिची टोपी हाय."

  यांनी ग्राइंडरकडं बघितलं, पण ग्राइंडर पूजेत होता. त्या दिवशी त्याला हात लावायची सोय नव्हती.

आक्कांनी काही न विचारता मूठभर अक्षता घेतल्या आणि मास्कवर टाकल्या. "पुजलं म्हंजी हत्यार झालं," त्या म्हणाल्या. "उद्या मुहूर्ताचं काम ह्येच घालून करायचं. न्हाई केलं तर पूजा मोडली म्हनायची."

पूजा मोडायची छाती यांच्यात नव्हती, मोठ्या बहिणीसमोर तर मुळीच नाही. दसऱ्याला सकाळी पहिली ट्रॉली आली. यांनी मास्क चढवला, वर काच धरली आणि मुहूर्ताचा टाका मारला. मी कुंकू सढळ हातानं लावलं होतं. मास्क काढताना ते बोटांना लागलं, त्याच हातानं यांनी घाम पुसला आणि अख्खं नाक लाल. तसंच संध्याकाळी गावभर सोनं वाटत फिरले. मी सांगितलं नाही. आक्कांनीही सांगितलं नाही.

नंतर मास्क खिळ्याला गेला नाही. देवाची वस्तू खिळ्याला टांगत नाहीत म्हणून त्याला फळीवर, गुळाच्या डब्याशेजारी जागा मिळाली. जुन्या कूलरचा पंखा भिंतीला बसवून धूर बाहेर ओढायची सोय यांनी स्वतः केली, आणि ती आपल्याच डोक्यातून निघाली असं ते सगळ्यांना सांगतात. चकचकीत पाइप आला की आधी घासायचा, मग जोडायचा, तोही शेडच्या बाहेर. मध्यंतरी गॅरेजवाला गुळाचा खडा मागायला आला, तर मी खिडकीतून ऐकलं, हे त्याला समजावत होते: "आरं, गूळ जातो पोटात, धूर जातो छातीत. दोघांची गाठ पडायची कुटं?" मी मशीन थांबवून ऐकत राहिले. माझं नाव काही निघालं नाही. गूळ मात्र दोघांनी मिळून खाल्ला.

यंदा गणपती बसले. पहिली संध्याकाळ. मी बायकांमध्ये उभी, हे पुढं, हातात झांज. आरत्या सुरू झाल्या. ती जागा जवळ आली तसा माझा जीव वर आला. झांज आता जोरात वाजणार, मी मनाची तयारी केली. तर हे मागं वळले, बायकांमधून वाट काढत माझ्यापाशी आले, आणि झांज माझ्या हातात देऊन परत पुढं जाऊन उभे राहिले.

सूर लागला. खतवाले गळले, टायरवाले गळले. यांचा चालला होता. मग तोही तुटला, पहिल्यापेक्षा किती तरी आधी, आणि झाकायला हातात काही नव्हतं, त्यामुळं अख्ख्या मांडवाला ऐकू गेला.  यांनी मान खाली घातली नाही. सगळ्यांसमोर उभं राहून शांतपणे पोटभर श्वास घेतला आणि तोच सूर तिथूनच परत उचलला.

बाकीचे झांजेची वाट बघत माझ्याकडं बघत होते. वाजवायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही.